गाडी मला लागत नाही

आमच्या घरात मेंढरं होती तोवर कुणी कशात बसलं नाही. आजा मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत जायचा आणि चालतच परत यायचा. वडलांनी मेंढरं विकली, शेळगावला जमीन धरली, बैलजोडी घेतली, आणि आमचं घराणं पहिल्यांदा चाकावर बसलं. मी शाळेत दुसरी पास. तिसरीत मास्तरांनी छडी उगारली, मी छडीचं दुसरं टोक धरलं, आणि दोघांपैकी कुणीच सोडेना, तेव्हा शाळेनं मला सोडलं. म्हणून लिहिण्यात काना-मात्रा चुकली तर ती माझी. हकीकत मात्र चुकलेली नाही.

हकीकत गाडी लागण्याची आहे. एसटीत नाहीतर जीपमध्ये बसलं की पोटात ढवळतं, तोंडाला पाणी सुटतं आणि माणूस खिडकीकडं धावतो, ते. मला ते होत नाही, असं मी गावात पंचवीस वर्षं सांगत आलो होतो. आमच्या मंडळींना व्हायचं. बारामतीला दवाखान्यात जायचं ठरलं की ती आदल्या दिवसापासून जेवण तोडायची आणि एसटीत बुडाखाली वर्तमानपत्र घेऊन बसायची. कागदावर बसलं की गाडी लागत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी चारचौघांत म्हणायचो, "हिला वाचता येत न्हाय, म्हणून बातम्या खालनं घेती." लोक हसायचे. तीही पदराआड हसायची, आणि माझ्याकडं असं बघायची की मी विषय बदलायचो.

कारण खरं काय ते तिला ठाऊक होतं. गाडी मलाच जास्त लागायची.

पहिल्यांदा एसटीनं बारामतीला गेलो तेव्हा स्टँडच्या भिंतीला धरून पोट मोकळं केलं. घरी सांगितलं, भेळ बाधली. दुसऱ्यांदा भजी बाधली. तिसऱ्यांदा उसाचा रस. इंदापूरच्या बाजाराला गेलो तर केळं बाधलं. मंडळी एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमाला बाहेरचं काय पचतं ते तरी सांगा, म्हंजी तेवढं खात जा." मी म्हटलं, पाणी. ती म्हणाली, "पाणी पन बाधलंय तुमाला. निमगावात. दोन वर्सांमागं."

तेव्हापासून मी लांब जाणं सायकलीनं नाहीतर बैलगाडीनं करू लागलो. लोकांना सांगायचो, मला इंजनाचा आवाज आवडत नाही.

यात एक कोडं होतं आणि ते मला आतल्या आत कुरतडायचं. बैलगाडीत मला कधी काही झालं नाही. बैल उधळले, गाडी ओढ्यातून कलंडत गेली, चाक बांधावर चढलं, तरी पोटातलं पाणी हललं नाही. मग गुळगुळीत डांबरावरून जाणाऱ्या एसटीत असं काय होतं? एकदा उन्हाळ्यात पळसदेवला गेलो होतो. उजनीचं पाणी उतरलं की तिथलं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. एक ओळखीचा मासे धरणारा मला होडीतून ते दाखवायला घेऊन गेला. होडी डुलत होती, मी देवळाच्या कळसावर नजर ठेवून ऐटीत बसलो होतो, आणि ठणठणीत होतो. मग तो म्हणाला, "आबा, जाळ्यात काय घावलंय बगा की." मी खाली जाळ्यात बघितलं, आणि थोड्याच वेळात माशांना माझ्याकडून न्याहारी मिळाली. घरी सांगितलं, माशांचा वास बाधला.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, ती पुढं लागणार आहे. लहानपणी आमचा एक बैल वडील गावच्या तेलघाण्याला द्यायचे. बैल गोल गोल फिरायचा, त्याच्या डोळ्यांवर कातड्याची झापडं बांधलेली. मी घाण्याच्या फळीवर वजन म्हणून बसायचो. एका सकाळी बसलो आणि खाली उतरल्यावर सरळ तेलाच्या डब्यात पडलो. वडलांनी मला उचललं आणि तेली हसत म्हणाला, "बैलाला झापड हाय म्हणून त्येला चक्कर येत न्हाय. पोरगं उघड्या डोळ्यानं बसलं." ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. चाळीस वर्षांनी नको तेव्हा वर आलं.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. मी पन्नाशीला टेकलेलो. आमच्याकडं तेव्हा एसटीपेक्षा वडाप जास्त झालं होतं. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. माझ्या मेव्हण्यानं, म्हणजे मंडळींच्या धाकट्या भावानं, अशीच एक जुनी जीप घेतली होती आणि इंदापूर ते बारामती फेऱ्या मारायचा. मला रस्त्यात सायकलवर बघितलं की तो जीप हळू करायचा आणि म्हणायचा, "दाजी, बसा की, फुकट हाय." मी म्हणायचो, पायाला व्यायाम पाहिजे. तो म्हणायचा, "पायाला का पोटाला?" आणि धूळ उडवून पुढं जायचा. त्याला संशय होता. पुरावा नव्हता.

थोरल्या मुलीची दहावी झाली, पुढं दोन वर्षं घरात काढली, आणि काटेवाडीचं स्थळ आलं. आमच्यासारखंच मेंढरं सोडून मातीत उतरलेलं घर. गाया, थोडा ऊस, भाजीपाला. मुलगा डेअरीच्या टेम्पोबरोबर असायचा, गावोगावचे दुधाचे कॅन चढवायचे-उतरवायचे, दुधाची फॅट बघायची. पाव्हणे येऊन मुलगी बघून गेले. त्यांच्याकडून पसंती आली. आता आमची माणसं त्यांचं घर बघणार, आणि सगळं ठीक वाटलं तर तिथंच सुपारी फोडून लग्न पक्कं करायचं, असं ठरलं.

मुलीला स्थळ मनापासून पसंत होतं. हे तिनं मला सांगितलं नाही. आमच्यात तेव्हा मुली बापाला असलं सांगत नसत. पण पाव्हणे येऊन गेल्यापासून ती गोठा झाडताना गुणगुणायची. आधीची दोन स्थळं येऊन गेली तेव्हा तिनं गोठा झाडलाच नव्हता. मला तेवढं पुरे झालं. मी मनाशी ठरवलं की ही सुपारी फुटलीच पाहिजे.

मी सायकलनं पुढं जातो, तुम्ही मागून जीपनं या, असं मी सुचवलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पोरीचा बाप घामाघूम होऊन सायकलवरनं उतारला तर ते म्हनत्याल, ह्यांनी बापालाच जीपमदी जागा दिली न्हाय. का काय दुसरं कारण हाय?"

"कारण कसलं."

"मग बसा की जीपमदी."

बसलो असतो तर पुढं बसायला पाहिजे होतं, एवढं मला अनुभवानं माहीत होतं. पुढं बसलेल्यांना कमी त्रास होताना बघितलं होतं. पण पुढच्या बाजूला ड्रायव्हर सोडून दोघांचीच जागा. एक मध्यस्थ, कारण रस्त्यातली सगळी माणसं त्याच्या ओळखीची आणि त्याला हात करावा लागतो. दुसरे तात्या, माझे चुलते. ऐंशीच्या घरातले, कानांनी पार गेलेले, पण घरातलं सगळ्यांत मोठं माणूस. त्यांना मागं बसवून मी पुढं बसलो असतो तर गावानं मला तोंड दाखवू दिलं नसतं. एक शब्द बोललो असतो तर त्यांनीच जागा दिली असती. पण तो शब्द कुठला, ते तुम्हाला आता कळलंच आहे.

निघताना मुलगी उंबऱ्याशी आली. तिनं माझ्या हातात एक बाटली ठेवली. घरात तेल आणायला वापरायची ती चपटी बाटली. आता खरं म्हणजे ती दारूचीच चपटी, पण रिकामी झाली की आमच्याकडं घरोघर तीत तेल असायचं, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. आत लिंबू, आल्याचा रस आणि मीठ.

"हे कशाला?" मी विचारलं.

"उन्हाचं बरं असतंय आबा," ती म्हणाली आणि खाली बघून आत गेली.

मी ती आतल्या खिशात घातली. तीही ओळखून आहे, हे मला त्या वेळी कळायला पाहिजे होतं. पण माणूस गुपित सांभाळायला लागला की आपणच तेवढे शहाणे असं त्याला वाटायला लागतं.

मागं दोन्ही बाजूंना आडवी बाकं. आम्ही सात जण, गुडघ्याला गुडघा लावून. वर टप, बाजूला ताडपत्री. मला दिसत होते ते समोरच्याचे गुडघे, त्याच्या मांडीवरची पिशवी आणि तात्यांची मान. आणि गंमत बघा, ह्यातलं काहीच हलत नव्हतं. डोळे म्हणत होते, आपण घरात बसलोय. पोट म्हणत होतं, आपण पळतोय. दोघांची जुंपली. आधी मला जांभया यायला लागल्या. मग तोंडात पाणी. मग कानांच्या मागं गार घाम. लासुर्णे यायच्या आत माझा रंग उडाला असावा, कारण समोरचा भावकीतला माणूस म्हणाला, "आबा, पोरीच्या लग्नाचं एवढं मनाला लावून घिऊ नका."

इथं मला तेली आठवला. बैलाला झापड हाय म्हणून चक्कर येत न्हाय. मी खांद्यावरचा पंचा घेतला, चार पदरी घडी घातली आणि डोळ्यांवरून डोक्यामागं करकचून बांधला.

समोरच्याचा आवाज आला.

"आबा, काय झालं?"

"ऊन लागतंय."

"टपाखाली?"

"मला लागतंय."

खोटं का सांगू, पहिली पाच मिनिटं आराम वाटला. डोळ्यांचं तोंड बंद झालं म्हणून भांडण थांबलं. मी मनात त्या तेल्याला दुवा दिला. पण घाण्याचा बैल एका चालीनं चालतो. जीपला पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला, दोन ट्रॉल्या जोडलेला, आणि मेव्हणा त्याला ओलांडायला जीप डावीकडं घ्यायचा, उजवीकडं घ्यायचा, वेग घ्यायचा, ब्रेक मारायचा. झापड बांधलेल्या माणसाला हे आधी कळत नाही. कळतं ते पोटात पोचल्यावर. मी गुपचूप ताडपत्रीकडं तोंड वळवून चपटीतून एक घोट घेतला. मग आणखी एक. समोरच्यानं बघितलं की नाही कुणास ठाऊक. माझे डोळे बांधलेले.

सणसरच्या अलीकडं मी जीप थांबवायला सांगितली. उसात शिरलो, काम उरकलं, तोंड धुतलं, बाहेर आलो. मेव्हणा जीपला टेकून उभा होता.

"काय दाजी?"

"उसाला पाणी बसलंय का बघत हुतो."

"कुणाच्या?"

मी पंचा पुन्हा बांधला आणि बसलो.

काटेवाडीत उतरलो तेव्हा माझी अवस्था अशी. पंच्याच्या घट्ट घडीनं डोळे लालबुंद. फेटा एका कानावर. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जीप थांबली तरी जमीन थांबली नव्हती. पाय टाकावा तिथं ती अर्धा हात खाली जायची. मुलाचे वडील दारात उभे होते, उंच, पांढऱ्या मिश्या, करकरीत धोतर. मी रामराम करायला पुढं झालो, त्यांचा खांदा धरायला हात केला, आणि शेजारी बांधलेल्या गायीचं शिंग धरलं. गाय बाजूला सरकली. मी तिच्याबरोबर सरकलो. आणि ह्या धांदलीत आतल्या खिशातली चपटी अर्धी बाहेर आली.

मुलाच्या वडलांनी चपटीकडं बघितलं. मग माझ्या डोळ्यांकडं. मग मला दंडाला धरून घोंगडीवर बसवलं.

पोहे आले. पोह्यांचा वास आला आणि मी ताट हातानं लांब सारलं. सोयऱ्याच्या घरी पहिल्यांदा जाऊन पोहे नाकारणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. आतून बांगड्यांचा आवाज येत होता तो थांबला. मुलाचे वडील उठून पडवीच्या कोपऱ्यात गेले आणि त्यांनी मध्यस्थाला बोटानं बोलावलं. त्यांचं बोलणं हळू होतं, पण मध्यस्थाचं तोंड कसं उतरत गेलं ते मला दिसत होतं. मग मध्यस्थ मेव्हण्याकडं गेला आणि मेव्हणा माझ्याकडं आला. उकिडवा बसून कानाशी लागला.

"दाजी, ते म्हंत्यात, सुपारी आज नको."

"का?"

"त्यांच्या थोरल्या भावाचं घर दारूनं बसलंय. दारूच्या घरची पोरगी करायची न्हाय म्हंत्यात. तुमी सकाळी सकाळी घिऊन आला असं त्यांना वाटतंय."

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. शेळगावात हे शेंबडं पोर सांगेल. पण काटेवाडीत कोण सांगणार?

"दाजी," मेव्हणा म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो हसत नव्हता, "खरं सांगा. गाडी लागली का?"

"गाडी मला लागत न्हाय."

"मग दारू प्याला असं समजत्यात."

"समजू दे."

हे मी बोललो. आता लिहिताना माझं मलाच नवल वाटतं, पण त्या घडीला मला ते अगदी बरोबर वाटलं होतं. मी हिशेब केला तो असा. दारू पितो म्हटलं तर माणूस वाईट ठरतो, पण गडी ठरतो. गाडी लागते म्हटलं तर मग काय राहिलं? पंचवीस वर्षं ज्या बायकोला हसलो तिच्या शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसायचं. कोकणापर्यंत चालत जाणाऱ्या आज्याचा नातू, आणि काटेवाडीपर्यंत बसून येता येत नाही.

मेव्हणा उठला. बाकीची माणसं पायताणं शोधायला लागली. मध्यस्थ "मग निघू या का" अशा चेहऱ्यानं उभा राहिला. आणि समोर त्या घरचा गोठा होता. स्वच्छ झाडलेला. कुणीतरी सकाळीच खराट्यानं रेघा ओढून झाडला होता. मला आमचा गोठा आठवला, आणि उद्यापासून तो कसा झाडला जाईल ते दिसलं. की झाडलाच जाणार नाही.

मी खिशातून चपटी काढली आणि मुलाच्या वडलांपुढं धरली. "वास घ्या."

त्यांनी बूच काढलं. हुंगलं. मिश्या हलल्या. "लिंबू हाय. आलं हाय."

"मग?"

"मग काय पाव्हणं, हे चपटीत घालून, पाठ फिरवून प्यायची गरज काय? तुमच्याच मानसानं सांगितलं, जीपमदी डोळं बांधून पीत हुता म्हनून."

मी जीपमध्ये माझ्या समोर बसलेल्या भावकीतल्या माणसाकडं बघितलं. तो छपराकडं बघत होता.

"पोटाला बरं म्हणून," मी म्हटलं.

"पोटाला काय झालं हुतं?"

आता दाराआडून मुलाच्या आईचा आवाज आला. बाई बाहेर आल्या नाहीत, पण आवाज स्पष्ट होता. "पाव्हणं, तुमाला गाडी लागती का?"

माझ्या तोंडून सवयीनं "न्हाय" निघालं. मग मी थांबलो. घोंगडीचा काठ मुठीत धरला आणि म्हणालो, "व्हय. लागती."

आणि तेवढ्यात तात्या, ज्यांना इतका वेळ काहीच ऐकू आलं नव्हतं, त्यांनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हनतोय?"

मेव्हणा म्हणाला, "त्यांना गाडी लागती."

"आँ?"

मेव्हणा माझ्याकडं बघायला लागला. तात्यांना ऐकू जायचं तर गावाला ऐकू गेल्याशिवाय जात नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी म्हटलं, सांग. तो म्हणाला, माझ्यानं न्हाय व्हायचं, दाजी, तुमीच सांगा. मग मी उठलो, तात्यांच्या कानाशी गेलो, आणि बैल हाकताना लावतो तो आवाज लावला. "तात्या, मला गाडी लागती."

रस्त्यानं जाणारा सायकलवाला थांबला. शेजारच्या घरातून दोन डोकी बाहेर आली. तात्यांनी मान डोलावली आणि शांतपणे म्हणाले, "ते ठाव हाय मला. तुझ्या बापाला बी लागायची. म्हनून तर त्यानं कधी एसटी धरली न्हाय."

पंचवीस वर्षं मी जे लपवलं ते माझ्या बापानं त्याच्या आधी लपवलं होतं, आणि माझ्यापासूनच लपवलं होतं. तो तर इंजनाचा आवाज आवडत नाही म्हणायचा. ते वाक्य माझं स्वतःचं आहे असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

मुलाचे वडील मात्र हसले नाहीत. जनावरं पाळणारा माणूस, ते माझ्याकडं आता जनावराकडं बघावं तसं नीट बघायला लागले. "गेल्या सालची गाय अशीच उतरली हुती की," ते गोठ्याकडं हात करून म्हणाले. "टेम्पोतनं आणली, खाली घेतली, तर झोकांड्या खायला लागली. मला वाटलं इकणाऱ्यानं काय पाजून दिली."

"डॉक्टरनं सांगितलं हुतं की त्यावर," असं म्हणून मुलगा पुढं आला. इतका वेळ तो खांबाआड उभा होता. त्यानं गोठ्यातून दुधाचा अर्धा भरलेला कॅन आणला, झाकण काढलं आणि माझ्यापुढं ठेवला. "आबा, बगा हितं." त्यानं कॅन धरून हातभर सरकवला आणि एकदम थांबवला. कॅन थांबला. आतलं दूध थांबलं नाही. ते ह्या काठावरून त्या काठावर जात राहिलं. "मानसाच्या कानात आत असंच पाणी असतंय म्हनं, थेंबभर. त्येच्यावरनं डोक्याला कळतंय आपण हलतोय का न्हाय. गाडीत ते पाणी सांगतंय हलतोय. डोळं सांगत्यात न्हाय हलत, समोर गुडघंच हायत. मग डोकं घोटाळतंय. त्येला वाटतंय पोटात काय इख गेलं, ते बाहेर काढा."

"कुठला डॉक्टर?" मी विचारलं.

मुलगा जरा अडखळला. "डेअरीवर येतो त्यो."

"म्हंजी जनावरांचा."

"व्हय."

मी म्हटलं, चालेल. मला तर वाटलं, ह्या पोरानं दोन वाक्यांत माझं पोट माझ्याहून जास्त ओळखलं. पळसदेवचा कळस आठवला. कळसाकडं बघत होतो तोवर डोळ्यांनाही हलणं कळत होतं. जाळ्यात बघितलं आणि ते फसले. पण एक गाठ राहिलीच होती.

"मग बैलगाडीत का लागत न्हाय?"

"तुमी हाकता म्हनून," तो म्हणाला. "आमच्या ड्रायव्हरला कधी लागत न्हाय. वळण यायच्या आधी त्येच्या अंगाला ठाव असतंय. मागं बसलेल्याला वळण आल्यावर कळतंय."

हे ऐकलं आणि माझा फेटा आपोआप सरळ झाला. मी मेव्हण्याकडं वळलो. "ऐकलंस का? हाकणाऱ्याला लागत न्हाय. हाकून नेलेल्याला लागती." मग वाटलं हे तात्यांनाही कळावं, पण आज त्यांना एवढं पुरे.

मेव्हणा म्हणाला, "म्हंजी दोष माझ्या जीपचा न्हाय, तुमच्या सोभावाचा." मी म्हटलं, अगदी बरोबर. त्याला ते टोमणा म्हणून मारायचं होतं. मला त्यात काही कमी वाटलं नाही.

मुलाच्या वडलांनी पोह्यांचं ताट पुन्हा माझ्यापुढं सरकवलं. "थोडं खावा. पोटातलं सगळं सणसरच्या उसाला दिलं असंल." मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. ते म्हणाले, तुमचा मेव्हणा आल्या आल्या सांगून मोकळा झालाय, आमीच इस्वास ठेवला न्हाय. बाप्या मानूस सोता कबूल करत न्हाय तोवर कसा ठेवायचा. मी पोहे खाल्ले. मध्यस्थानं अडकित्ता काढला आणि सुपारी फोडली. तो आवाज एवढासाच असतो, कट् असा. पण मला तो माझ्या ओरडण्यापेक्षा मोठा वाटला.

परत येताना तात्या आपणहून मागं जाऊन बसले आणि सणसरपर्यंत घोरले. त्यांना काही झालं नाही. मी पुढं बसलो. रस्ता समोरून सरळ अंगावर येत होता, ऊस दोन्ही बाजूंनी मागं जात होता, आणि डोळे आणि पोट एका मताचे होते. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं, पण मला पोराचं बोलणं पक्कं करून बघायचं होतं. म्हणून मी मेव्हण्याबरोबर जीप हाकायला लागलो. वळण यायच्या आधी अंग कलतं करायचो, ट्रॅक्टर दिसला की पाय खाली दाबायचो, आणि सांगायचो, आता दाब, आता सोड, आता डावीकडनं घे. लासुर्ण्यात मेव्हण्यानं जीप थांबवली आणि म्हणाला, "दाजी, तुमी पंचा बांधून मागं बसत हुता तेच बरं हुतं."

घरी पोचलो. मंडळी पुढं आली, माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, मग मेव्हण्याच्या, आणि तिला कळलं. ती आत देवापुढं साखर ठेवायला गेली. मुलगी गोठ्याच्या दारात उभी होती, हातात खराटा. सुपारीचं विचारायला तिची जीभ रेटत नव्हती. मीही आपणहून सांगितलं नाही. बापानं थोडं ताणायचंच असतं. मी रिकामी चपटी तिच्या हातात दिली.

तिनं ती उलटी करून बघितली. "पुरलं का, आबा?"

मला वाटलं म्हणावं, उन्हाचं बरं होतं.

"जाताना कमी पडलं," मी म्हणालो. "काटेवाडीला आता वरचेवर जायचंय. उद्यापास्नं जास्त करत जा."

ती आत पळाली. जाताना खराटा तिथंच टाकून गेली, आणि त्या दिवशी गोठा मी झाडला.